सायकलस्वाराचे शिरस्त्राण

‘शिरस्त्राण’ हा शब्द कानी पडताच आपल्या मनश्चक्षूंपुढे रणांगणावरील एखादा वीरपुरुष उभा राहतो. शिर म्हणजे मस्तक आणि त्राण म्हणजे रक्षण. मस्तकाचे रक्षण करणारे ते शिरस्त्राण, अशी ह्या शब्दाची सरळ फोड आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाच्या भेटीस जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत व पागोट्याखाली पोलादी टोप घातला होता, हे आपण इतिहासात वाचले आहे. महाराजांच्या धैर्याविषयी कोणी शंका घेतल्याचे ऐकिवात नाही. उलट त्या टोपामुळे त्यांच्या दूरदृष्टीची वाखाणणीच झाली. धैर्य आणि सावधगिरी ह्या सख्ख्या बहिणी आहेत, सवती नव्हेत, हाच त्या प्रसंगाचा बोध होय.

आज आपल्यापैकी कोणावर खानाच्या भेटीस जाण्याचा प्रसंग नाही. परंतु घरून शाळेत, शाळेतून शिकवणीस आणि तेथून पुन्हा घरी सायकलीने जाण्याचा प्रसंग मात्र शेकडो मुलामुलींवर रोज येतो. ज्याला आपण व्यवहारात ‘हेल्मेट’ म्हणतो ते शिरस्त्राण ह्या प्रवासात आपले रक्षण कितपत करते, कोणत्या आघातापुढे त्याचे बळ पुरे पडत नाही, आणि जे त्याच्याने होत नाही ते कोणी करावयाचे, ह्या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम आपल्या परिसराकडे पाहू. आपले चारकोप ही तशी अर्वाचीन वसाहत आहे. १९८५ साली जागतिक बँकेच्या साहाय्याने मुंबई नागरी विकास प्रकल्प हाती घेण्यात आला, आणि त्यान्वये येथे लहान लहान भूखंड पाडून सामान्य उत्पन्नाच्या कुटुंबांस देण्यात आले. मध्यभागी मोकळा चौक, त्याच्या सभोवती घरे, आणि घरांमधून जाणाऱ्या अरुंद वाटा, अशी ह्या सेक्टरांची मूळ रचना आहे. मुलांस सायकल शिकण्यास ह्याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. चौकात वाहनांची वर्दळ थोडी, ओळखीची माणसे पुष्कळ, आणि पडलेच तर उचलावयास शेजारची काकू दारातच उभी. परंतु ह्याच वाटा पाच-दहा मिनिटांत आपणास मोठ्या रस्त्यावर नेऊन सोडतात. तेथे बेस्टच्या बसगाड्या, पाण्याचे टँकर, बांधकामाचे डंपर, रिक्षा आणि मोटारसायकली ह्यांचा अखंड प्रवाह चाललेला असतो. २ एप्रिल २०२२ रोजी मेट्रो मार्ग ‘२ अ’ चा पहिला टप्पा सुरू झाला, त्याचे भव्य स्तंभ नव्या लिंक रोडच्या मधोमध उभे आहेत. त्यांच्या आडून पलीकडची वाहने पटकन दिसत नाहीत. चौकात सायकल शिकलेल्या मुलाचे पाय तयार झालेले असतात, पण डोळे अद्याप तयार झालेले नसतात. पाय आणि डोळे ह्यांच्या शिक्षणातील ह्या अंतरातच अपघात दबा धरून बसलेला असतो.

आता मस्तकाविषयी. आपल्या मेंदूचे वजन प्रौढपणी सुमारे १.३ ते १.४ किलोग्रॅम असते. तो मऊ असून कवटीच्या टणक पेटीत एका द्रवामध्ये जणू तरंगत असतो. निसर्गाने ही पेटी पुष्कळ मजबूत केली आहे, परंतु तिची घडण माणसाच्या चालण्याधावण्याच्या बेताने झालेली आहे. डांबरी रस्ता, सिमेंटची कड आणि लोखंडी खांब ह्यांच्याशी टक्कर घेण्याचा बेत त्यात नव्हता. डोके एकाएकी थांबले की आतील मेंदू मात्र पूर्वीच्याच वेगाने पुढे जाऊ पाहतो. बस अकस्मात थांबली असता उभे असलेले उतारू पुढे फेकले जातात, तद्वतच हे आहे. मेंदू आतून कवटीवर आदळतो, ताणला जातो, पिळवटला जातो. प्रसंगी आतील रक्तवाहिन्या फुटतात. हाड मोडले तर ते बहुधा सांधते, खरचटलेल्या जागी नवी कातडी येते. मेंदूच्या ज्या पेशी मृत होतात त्यांची भरपाई मात्र तशी होत नाही. वाचा, स्मृती, स्वभाव, बुद्धी ही सारी संपत्ती ह्याच पेटीत साठविलेली आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे तिला कुलूप लावण्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी येथे कागद-पेन्सिल घ्यावी. सायकलवर बसलेल्या मुलाचे डोके जमिनीपासून सुमारे १.५ मीटर उंचीवर असते असे धरू. तेथून ते जमिनीवर पडले तर आदळतेवेळी त्याचा वेग किती असेल? गुरुत्व त्वरण ९.८ आणि उंची १.५ ह्यांच्या गुणाकाराची दुप्पट २९.४ येते, तिचे वर्गमूळ सुमारे ५.४. म्हणजे डोके सेकंदाला ५.४ मीटर, अर्थात ताशी सुमारे साडेएकोणीस किलोमीटर वेगाने जमिनीस भेटते. सायकल किती वेगाने चालली होती ह्याचा ह्या हिशेबाशी संबंध नाही. हा केवळ खाली पडण्याचा वेग आहे. ‘मी सायकल हळूच चालवितो, मला टोपाची काय गरज?’ असे म्हणणाऱ्याने हे गणित अवश्य करून पाहावे. पृथ्वी हळू चालविणाऱ्यास हळू ओढते असा नियम नाही.

आता हा वेग शून्यावर यावयाचा आहे. तो किती अंतरात शून्यावर येतो, ह्यावर सर्व काही अवलंबून आहे. उघडे डोके काँक्रीटवर आदळले तर त्वचा व हाड मिळून फार तर तीन मिलिमीटर दबतील असे समजू. वेगाच्या वर्गास अंतराच्या दुपटीने भागले असता मंदन मिळते, २९.४ ला ०.००६ ने भागा, ४,९०० येतील. हे गुरुत्व त्वरणाच्या पाचशे पट झाले. आता त्याच डोक्यावर शिरस्त्राण आहे आणि त्याच्या आतील फेस दोन सेंटिमीटर दबला असे धरा, २९.४ ला ०.०४ ने भागले की ७३५ येतात, म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या पंचाहत्तर पट. प्रत्यक्षात फेस सर्व वेळ सारख्याच जोराने दबत नाही, त्यामुळे खरा आकडा ह्याहून मोठा निघतो. सायकलच्या शिरस्त्राणांसाठी युरोपात ‘ईएन १०७८’ नावाचे मानक आहे; त्यात नेमक्या ह्याच वेगाने टोप सपाट लोखंडावर आपटून पाहतात, आणि आतील कृत्रिम डोक्यास बसणारा धक्का गुरुत्व त्वरणाच्या २५० पटींपुढे जाता कामा नये अशी अट आहे. तथापि मूळ तत्त्व गणिताने स्पष्ट होते. शिरस्त्राणाची खरी किंमत त्याच्या कठीण कवचात नसून आतील थर्मोकोलसारख्या फेसात आहे. तो स्वतः चिरडून जातो आणि आपल्यास थांबावयाला दोन सेंटिमीटर अंतर मिळवून देतो.

ह्यावरून शिरस्त्राणाची मर्यादाही कळून येते. ते पडण्यासाठी केलेले आहे; मोटारीच्या धडकेसाठी नव्हे. ताशी ५० किलोमीटर वेगाने येणाऱ्या मोटारीचा वेग आपल्या साडेएकोणीसच्या अडीच पटीहून अधिक आहे. आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, त्या वेगाच्या आघातात साडेसहा पट ऊर्जा असते. दोन सेंटिमीटर फेसाने तेवढी ऊर्जा गिळावी ही अपेक्षाच अवाजवी होय. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पहाटे नवी मुंबईच्या पाम बीच मार्गावर एका टॅक्सीने धडक दिल्यामुळे इंटेल कंपनीचे भारतातील माजी प्रमुख अवतार सैनी हे मृत्यू पावले. संगणकाच्या सूक्ष्म प्रक्रियकांच्या रचनेत ज्यांनी मोठे कार्य केले असा हा अभियंता सहकाऱ्यांसमवेत सायकलीने व्यायामास निघाला होता. सायकलस्वार वयाने व अनुभवाने प्रौढ असला तरी मागून येणारा वेग त्याच्या हाती नसतो, हे ह्या दुःखद घटनेने दाखवून दिले.

मग शिरस्त्राणाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर इतिहास व संशोधन ह्या दोघांनीही दिले आहे. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडातील डॉर्सेट परगण्यात टी. ई. लॉरेन्स हा प्रसिद्ध लेखक व सेनानी मोटारसायकलीने घरी चालला होता. रस्त्याच्या उतरणीआड असलेली, सायकलवरून जाणारी दोन मुले त्यास एकाएकी दिसली. त्यांस चुकविण्यासाठी तो वळला आणि फेकला गेला. त्याच्या डोक्यावर टोप नव्हता. सहा दिवसांनी, १९ मे रोजी, त्याचा अंत झाला. त्याच्या उपचारांसाठी आलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. हा मृत्यू त्यांच्या मनास लागून राहिला. पुढे दुसऱ्या महायुद्धात लष्कराचे निरोप पोहोचविणारे मोटारसायकलस्वार शत्रूच्या गोळीशिवायच रस्त्यांवर मरत आहेत हे पाहून त्यांनी त्यांच्या मस्तकाच्या जखमांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९४१ साली तो प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने अशा स्वारांस शिरस्त्राण सक्तीचे केले. एका प्रसिद्ध माणसाच्या मृत्यूने हळहळणारे लोक पुष्कळ असतात. त्या हळहळीतून इतरांचे प्राण वाचविण्याचा मार्ग काढणारा एखादाच असतो.

सायकलस्वारांपुरते पाहावयाचे तर, जेक ऑलिव्हियर व प्रुडन्स क्रेटन ह्या ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी निरनिराळ्या देशांतील ४० अभ्यास एकत्र करून २०१६ साली त्यांचा निष्कर्ष मांडला. चौसष्ट हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांच्या नोंदी त्यात होत्या. शिरस्त्राण घातलेल्यांस मस्तकाची गंभीर दुखापत होण्याचा संभव, न घातलेल्यांच्या मानाने, शेकडा ६९ ने कमी आढळला. शेकडा शंभर नव्हे. पण शंभरांतील एकोणसत्तर ही संख्या कोणत्या आईबापांस लहान वाटेल?

आपल्या देशात सायकलस्वारांस शिरस्त्राणाची कायद्याने सक्ती नाही. मोटारीच्या दुचाकीवर मात्र आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ प्रमाणे, पागोटे परिधान करणाऱ्या शीख बांधवांचा अपवाद वगळता, चार वर्षांवरील प्रत्येकाने ते घातले पाहिजे, मग तो पुढे बसो वा मागे. ह्या नियमाच्या उपेक्षेचे फळ सरकारी अहवालात नोंदलेले आहे. २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी ५०,०२९ दुचाकीवरील असून त्यांच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हते, आणि त्यांतील १४,३३७ तर नुसती मागे बसलेली होती. शिरस्त्राण असते तर ही सर्व माणसे वाचली असती असे नव्हे. पुष्कळ वाचली असती एवढे खचित. पन्नास हजारांस वर्षाच्या दिवसांनी भागले तर रोजची सरासरी १३७ येते. आपल्या शाळेतील तीन वर्ग भरतील इतकी माणसे, रोज, रविवारची सुट्टी न घेता.

तरीही शिरस्त्राणाविरुद्ध आक्षेप घेतले जातात, आणि ते सर्वच हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत. पुण्यासारख्या विद्यानगरीत १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी दुचाकीस्वारांवर सक्तीची अंमलबजावणी कडक करण्याचे ठरविले, तेव्हा विरोधासाठी कृती समिती उभी राहिली व मोर्चाही निघाला. उकाडा होतो, मान दुखते, आजूबाजूचे ऐकू येत नाही, अशा तक्रारी पुढे आल्या. मोटारसायकलच्या जड, बंदिस्त टोपाविषयी त्यांत काही तथ्य असेलही. सायकलचे शिरस्त्राण मात्र वजनाने त्याच्या मानाने पुष्कळच हलके असते, त्यास वारा खेळण्यासाठी झरोके असतात आणि कान उघडे राहतात. तेव्हा सायकलस्वाराने ते आक्षेप उसने घेण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. ‘आयुष्याची दोरी बळकट असेल तर काही होत नाही, देवावर भरवसा ठेवावा,’ असे पुष्कळ सश्रद्ध माणसे म्हणतात. लूकलिखित शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात एक प्रसंग आहे. सैतान प्रभू येशूस यरुशलेमेतील मंदिराच्या शिखरावर उभा करतो आणि, देवदूत तुला झेलतील, तेव्हा खाली उडी टाक, असे सुचवितो. येशू उडी टाकीत नाही. देवाची परीक्षा पाहणे म्हणजे देवावर विश्वास ठेवणे नव्हे, असा त्याच्या नकाराचा अर्थ आहे. ज्याने आपणास मस्तक दिले त्यानेच त्याचे रक्षण करण्याची अक्कलही दिली. एक दान स्वीकारून दुसरे झिडकारणे ह्यास श्रद्धा म्हणता येत नाही.

तिसरा आक्षेप असा की, नेदरलँड्समध्ये आबालवृद्ध सायकल चालवितात आणि शिरस्त्राण फारसे कोणी घालीत नाही. मग आपणच का घालावे? हे उदाहरण सत्य आहे, परंतु ते अर्धेच सांगितले जाते. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली, आणि त्यांत चारशेंहून अधिक मुले होती. स्वतःची मुलगी अशा अपघातात गमावलेल्या व्हिक लांगेनहॉफ नावाच्या पत्रकाराने १९७२ साली ‘बालहत्या थांबवा’ अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला. त्या शब्दांभोवती आईबाप एकत्र आले, रस्त्यावर उतरले, आणि पुढील काही दशकांत सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग, वस्त्यांतून मंद वेग, शाळांभोवती सुरक्षित वाटा अशी व्यवस्था त्या राष्ट्राने केली. २०२२ साली तेथील मृत्यूंची संख्या साडेसातशेंच्या आत होती. म्हणजे डचांनी मस्तकाचे शिरस्त्राण काढून रस्त्यासच शिरस्त्राण घातले, असे म्हणावयास हरकत नाही. आणि अलीकडे तर तेथेही, विशेषतः वृद्ध सायकलस्वारांनी ते वापरावे असा प्रचार होत आहे. आपल्या मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ साली सायकलींसाठी वेगळी मार्गिका बांधली गेली. परंतु तीवर वाहने उभी राहू लागली आणि ती मार्गिका नावापुरती उरली. मार्ग बांधणे हे सरकारचे काम, तो मोकळा राखणे हे नागरिकांचे. जोवर ही दोन्ही कामे पूर्ण झालेली नाहीत, तोवर आपल्या मुलांच्या डोक्यावरील टोप हाच त्यांचा सायकलमार्ग समजावा.

एवढे विवेचन झाल्यावर मुख्य सिद्धान्त सांगतो. शिरस्त्राण ही संरक्षणाची शेवटची भिंत आहे, पहिली नव्हे. पहिली भिंत म्हणजे न पडणे. ती आपल्याच डोळ्यांनी व हातांनी बांधावयाची असते. म्हणून विद्यार्थ्यांनी पुढील गोष्टी पाठ न करता अंगी बाणवाव्यात.

गल्लीच्या तोंडाशी पाय टेकून पूर्ण थांबावे, आणि उजवीकडे, डावीकडे व पुन्हा उजवीकडे पाहूनच मोठ्या रस्त्यावर यावे. ताशी ४० किलोमीटर वेगाने येणारी मोटार सेकंदात ११ मीटर पुढे सरकते. चालकास धोका दिसून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. नंतर कोरड्या रस्त्यावरही गाडी उभी राहण्यास आणखी बारा मीटर लागतात. पंधरा मीटरांवर अकस्मात पुढे आलेल्या मुलास तो चालक कितीही सज्जन असला तरी वाचवू शकत नाही. त्याची सज्जनता उपयोगी पडावी ह्यासाठी त्यास तेवीस मीटर देणे आपल्याकडे असते.

बस, टँकर अथवा डंपर ह्यांच्या डाव्या कुशीत कधीही शिरू नये. चालक उजव्या बाजूस उंचावर बसलेला असतो. डाव्या दाराखालचा सायकलस्वार त्यास दिसतच नाही. आणि लांब वाहन डावीकडे वळते तेव्हा त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने न जाता आतल्या बाजूने, कडेस घासून येतात. अशा वाहनाच्या मागे धीराने थांबावे; दोन मिनिटे उशीर झाल्याची शिक्षा कोणतीही शाळा सौम्यच देईल.

कडेस उभ्या असलेल्या मोटारींपासून हातभर दूर राहावे, कारण त्यांचे दार केव्हा उघडेल ह्याचा नेम नसतो. मोटारीत बसणाऱ्यांनीही एक सवय लावून घ्यावी: दाराच्या बाजूचा हात न वापरता दुसऱ्या हाताने दार उघडावे. तसे केल्याने अंग आपोआप मागे वळते आणि येणारा सायकलस्वार दिसतो. पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या डबक्यातून सायकल नेऊ नये. तळाशी खड्डा आहे की उघडे भोक, हे पाणी सांगत नाही. भिजलेली लोखंडी झाकणे व रस्त्यावर रंगविलेले पट्टे निसरडे असतात. त्यांवर वळू नये व ब्रेक दाबू नये. दिवेलागणीनंतर पुढे पांढरा व मागे तांबडा दिवा असल्यावाचून बाहेर पडू नये. भ्रमणध्वनी दप्तरात ठेवावा, कानांत नव्हे.

शिरस्त्राण घेताना ते सायकलसाठीच केलेले आणि मानकाची खूण असलेले घ्यावे. मोटारसायकलसाठी भारतीय मानक ब्यूरोचे ‘आयएस ४१५१’ हे मानक आहे. पदपथावर स्वस्तात मिळणारी, नुसत्या प्लास्टिकची बिनखुणेची टोपी पोलिसांस फसवील, रस्त्यास फसविणार नाही. शिरस्त्राण कपाळावर सरळ बसावे; भुवया व त्याची कड ह्यांत दोन बोटांचे अंतर असावे. पट्टे कानांखाली इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराने जुळावेत, आणि हनुवटीखाली पट्टा इतकाच सैल असावा की एखाददुसरे बोट जाईल. बंद न लावलेले शिरस्त्राण आपल्याआधीच उडून जाते. ‘वाढत्या अंगाचे’ म्हणून मोठे घेण्याची जी रीत आपण गणवेशाच्या बाबतीत पाळतो, ती येथे घातक आहे. आणि एकदा जोराचा आघात सोसलेले शिरस्त्राण, वरून धड दिसले तरी, टाकून द्यावे. आतील फेस चिरडला की पुन्हा फुगत नाही. त्याने आपले काम एकदाच करावयाचे असते आणि ते त्याने केलेले असते.

आता पालकवर्गास दोन शब्द. मुलास सायकल घेऊन देताना शिरस्त्राण हा तिचाच एक भाग मानावा. घंटा व कुलूप जसे वेगळे मागावे लागत नाही, तसेच हे. वडिलांच्या डोक्यावर टोप, आईच्या डोक्यावर पदर आणि मध्ये बसलेल्या दोन लेकरांची डोकी उघडी, असे स्कूटरवरील दृश्य रोज सकाळी शाळेच्या फाटकापाशी दिसते. टोप जर रक्षणासाठी आहे तर त्या गाडीवर ज्याचे हाड सर्वांत कोवळे, त्याच्याच वाट्याला तो का येत नाही, ह्याचा विचार व्हावा. फेब्रुवारी २०२३ पासून अमलात आलेल्या नियमानुसार नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या बालकासही त्याच्या मापाचे शिरस्त्राण घालावयाचे आहे, सायकलचे चालते. शिवाय बालकास चालकाशी पट्ट्याने बांधावयाचे असून वेग ताशी ४० किलोमीटरांपुढे न्यावयाचा नाही. तसेच दहावी उत्तीर्ण झाल्याचे बक्षीस म्हणून अल्पवयीन मुलाच्या हाती मोटारसायकलची किल्ली देऊ नये. २०१९ च्या सुधारणेने आलेल्या कलम १९९ अ प्रमाणे अशा मुलाच्या हातून गुन्हा घडल्यास पालक वा वाहनाचा मालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास, २५,००० रुपये दंड, आणि त्या मुलास वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही, असा तो कायदा आहे. परंतु कायद्याचे भय दाखवून पालकांस शहाणपण शिकविण्याचा माझा हेतू नाही. मूल ऐकते त्यापेक्षा पाहते अधिक. तांबडा दिवा असता थांबलेला बाप हाच रस्त्याचा पहिला गुरुजी होय.

शेवटी, सर्व दक्षता घेऊनही कोणी पडलाच तर काय करावे? तो स्वार अनोळखी असला तरी त्यास ओलांडून जाऊ नये. यरुशलेमेहून यरीहोस जाणाऱ्या वाटेवर जखमी होऊन पडलेल्या माणसाचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दोन प्रतिष्ठित माणसे बाजूने निघून गेली, आणि परका शोमरोनी थांबला. आपल्या देशाच्या कायद्यात त्याच शोमरोन्याच्या नावाचे कलम आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३४ अ ने ‘गुड समॅरिटन’ ह्याच नावाने, अपघातग्रस्तास सद्भावनेने साहाय्य करणाऱ्यास संरक्षण दिले आहे; त्याच्यावर खटल्याचे दायित्व येत नाही आणि आपले नाव सांगण्याची त्याच्यावर सक्ती नाही. तेव्हा पोलिसांच्या चौकशीची भीती हे निमित्त आता उरलेले नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८ वा आपत्कालीन साहाय्यासाठी ११२ हा क्रमांक फिरवावा. मानेस दुखापत झाल्याचा संशय असल्यास जखमीस उगाच हलवू नये व त्याचे शिरस्त्राण ओढून काढू नये; वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड दाबून धरावे. पडलेला मुलगा उठून ‘मला काही झाले नाही’ म्हणाला तरी त्यास एकटे सोडू नये. नंतर काही तासांत वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, झापड, बोलण्यात गोंधळ, झटके किंवा दोन बाहुल्यांत लहानमोठेपणा दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. झोपेल म्हणजे बरे वाटेल, असे म्हणत रात्र घालवू नये. आणि मुलांनो, पडल्याची गोष्ट घरी लपवू नका. सायकलला आलेला पोचा दडविला तर चालेल. डोक्याला लागलेला मार दडविला तर चालणार नाही.

विद्यार्थीमित्रहो, सायकल हे फार गोड वाहन आहे. तिला इंधन लागत नाही, तिचा धूर होत नाही, आणि तिच्यावर बसले म्हणजे खाडीकडून येणारा वारा फुकट मिळतो. तिला भिऊन घरी बसावे म्हणून हे लिहिले नाही. उलट तुम्ही ती चाळीस-पन्नास वर्षे आनंदाने चालवावी, आणि पुढे कधी नातवंडांस चौकात शिकवावी, म्हणून लिहिले आहे. उद्या सकाळी सायकल बाहेर काढण्यापूर्वी दोन्ही ब्रेक दाबून पाहा, चाकांतील हवा पाहा, शिरस्त्राणाचा बंद हनुवटीखाली लावा, आणि गल्लीच्या तोंडाशी पाय टेकून थांबा. ह्या चार गोष्टींस एक मिनिटही लागत नाही.